मेदान ते जयापुरा, वीतभर अंतर

...आणि वर मलाच विचारतात, ‘मेहुण्याचं नाक का फोडलंत?’ अहो, फोडू नको तर काय मुका घेऊ त्याचा?

तुम्हाला सांगतो, माझी बहीण तिउर, तिच्या पोरीचं लग्न, तिकडे जयापुराला! आम्ही बातक जमातीची माणसं, मामानं खांद्यावर शाल घातल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि मामा म्हणजे मी एकटा, राहतो मेदानला! देश एकच, पण हे टोक ते टोक... साडेचार हजार किलोमीटरच्या वर! जकार्ताला बदला, मकासरला बदला, नुसते हवेत आठ तास! पण बायकोचा भाऊ बिनसार, शाळेत भूगोल शिकवतो, त्यानं नकाशावर पंजा ठेवला. ‘दाजी, वीतभर तर आहे! मी येतो ना सोबत, वेळेचं माझ्यावर सोडा.’

सोडलं!

मकासरला उतरलो, विमानतळावरच गोमांसाचा रस्सा खायला बसलो. म्हटलं, ‘अरे, विमान साडेबाराचं, ऊठ!’ तर मनगट बघून म्हणतो, ‘अकराच तर वाजलेत, खा निवांत. राहिलंय काय? वीतभर!’ मी दुसरा वाडगा मागवला. तो संपतोय तोवर काचेबाहेर एक विमान धावलं, उडालं... मी म्हटलं, काय डौलात चाललंय! वाढणारी बाई म्हणाली, ‘जयापुराचं ते.’

घड्याळ मेदानचं, हो! मकासर एक तास पुढे, जयापुरा तर दोन! आणि हा भूगोलाचा मास्तर!

आम्ही बातक नुसते बोललो तरी लोकांना वाटतं मारामारी चाललीय... इथं खरीच झाली! मी वाडगा घातला डोक्यात, त्यानं माझा पुढचा दात पाडला, मी नाक फोडलं, रक्त रश्श्यात, आम्ही टेबलासकट खाली, चार पहारेकरी अंगावर, एकाला मी चावलो... उरलेल्या दातांनी! एक म्हातारी दोघांनाही छत्रीनं बडवत होती, का ते तिलाच ठाऊक. चौकीतल्या साहेबानं विचारलं, ‘भांडण कशावरून?’ म्हटलं, ‘एका तासावरून.’ ‘मग चोवीस तास बसा!’

दुसऱ्या दिवशी पोचलो. चर्चच्या दारात तिउर उभी, हातात डुक्कर कापायचा सुरा, कालपासून! नवऱ्याकडचे भिंतीला चिकटलेले, पाद्रीबाबा आत कोंडलेले. ‘माझा दादा आल्याशिवाय आत पाऊल टाकेल त्याचे तुकडे करीन!’ मला बघितलं, सुरा टाकला, अशी कानफटात दिली की विचारू नका... आणि गळ्यात पडून रडली. मी शाल घातली, पोरगी म्हणाली, ‘मामा, हसा ना फोटोत!’ कसा हसू? तोंडाला खिडकी पडलेली!

आणि बिनसार, नाकाला हे एवढं बोचकं बांधलेलं, जेवताना कानात म्हणतो, ‘दाजी, परत जाताना दोन तास मागे जायचंय, म्हणजे तेवढे फुकट मिळाले. निवांत निघू. वीतभर तर आहे!’

मूठ वळली हो माझी... उचलली... आणि ठेवली खाली. मेदानपर्यंत शेजारची खुर्ची त्याचीच आहे. मारून मी जाणार कुठे?