हरिपंतांनी गाव गप्प बसवलं

मंडळी, बसा, पुढे सरका! आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. देवाचं ऐकू यावं म्हणून माणसांना गप्प बसवणं — ही भक्ती म्हणायची, की बहिरेपणा? घाई नको! आधी आख्यान ऐका, मग उत्तर द्या.

कोकणात करंजखोल नावाचं गाव. तिथे हरिपंत पोंक्षे राहायचे. मोठे कवी हो! रामनवमीला भर दुपारी रामजन्म झाला, की दरवर्षी नवा पाळणा — तो पंतांचाच. आणि पाळणा कसा? चंदनाचा खांब, रेशमाची दोरी, चंपकाचा सुगंध, मलयगिरीचा वारा! सगळं असायचं. फक्त पाळण्यात मूल नसायचं! कसं असणार? पंतांनी घरातला पाळणा कधी हलवला होता? लेक तान्ही असताना रडली, की हे छत्री घेऊन नदीवर!

तर त्या साली चैत्र लागला आणि पंतांना ओळ सुचेना. बोरू घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, टोक करून ठेवला. टोक मात्र झकास झालं! मग पंतांच्या लक्षात आलं — दोष आपला नाही. दोष गावाचा! गोंगाट फार!

पंत देवळाच्या पारावर उभे राहिले. "लोकहो, वसंत दाराशी आला आहे. मला त्याची पावलं ऐकायची आहेत. माझं सगळं ध्यान तिकडे लागलं पाहिजे. रामनवमीपर्यंत आवाज बंद!"

आणि गाव तरी कसं? कवीचा शब्द पडू देईल? लोहारानं भाता बंद केला. गुरांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. भांडणारे भाऊ हातवारे करून भांडू लागले! आणि पंतांच्या अंगणातल्या आंब्यावर कोकिळ ओरडायचा, त्याला हाकलायला भिकू गुरव काठी घेऊन बसला. पाहिलंत? वसंत ऐकायचा म्हणून कोकिळ हाकलला!

आता घरात काय चाललं होतं? पंतांची लेक द्वारकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पंतांच्या पत्नी भागीरथीकाकू जिना चढून माडीवर पंतांकडे गेल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, द्वारकीचे दिवस भरलेत. आज-उद्या कळा सुरू होतील."

"होऊ देत की! मी कुठे नको म्हणतोय? फक्त आवाज होऊ देऊ नका."

"अहो, बाळंतपण आहे ते!"

"आणि इथे काय चाललंय? मलाही कळाच येताहेत!"

हसताय? काकू नाही हसल्या. तशाच खाली आल्या.

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी द्वारकीला कळा सुरू झाल्या. गोठ्याकडच्या खोलीत पोर पदर दातांत धरून पडली. वडिलांचं काव्य मोडायला नको! सुईण सोनाई मात्र वैतागली. "ओरड गं पोरी! कुणाची भीड धरतेस?" पण द्वारकी ओरडली नाही. माडीवर पंत डोळे मिटून बसले होते. वा! काय ही शांतता! आता ओळ येणार… आलीच…

आणि खालून काकूंचा आवाज आला. मोठा नाही हं! जेमतेम ऐकू येईल एवढाच.

"सोनाई… रडत का नाही गं हे?"

मंडळी, त्या घरात तेव्हा जी शांतता होती ना — तीच पंतांनी मागितली होती! अगदी तश्शी! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पंतांच्या हातातून बोरू गळला. जिना कसा उतरले, त्यांचं त्यांना कळलं नाही. खोलीचं दार बंद. आत सोनाई बाळाची पाठ चोळतेय, तोंडावर फुंकर घालतेय. आवाज नाही.

पंत दारावर थापा मारू लागले. "रडव त्याला! सोनाई, रडव गं! द्वारके, बाळा…" मग अंगणात धावले, "अरे, कुणीतरी वाजवा रे काहीतरी! घंटा वाजवा! ओरडा!"

आणि भिकू गुरव आंब्याखालून काठी उगारून धावला. "शूऽऽ! वर पंत चिंतनात बसलेत!"

"अरे गाढवा, मीच पंत!"

एवढ्यात आतून आवाज आला. बारीक, फाटका, चिडलेला. ट्यांऽऽ!

पंत पायरीवर मटकन बसले. बाळाबरोबर तेही रडू लागले — मोठ्यानं, नाक ओढत, अलंकाराशिवाय! काकू दारात आल्या. "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. आता माडीवर जायचं असेल तर जा." पंत गेले नाहीत. पोर रडत होती आणि ते ऐकत होते. सबंध आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते!

दुसऱ्या दिवशी देवळात जन्म झाला, गुलाल उडाला. पंत उभे राहिले. हातात कागद नाही. म्हणाले —

*रड रे माझ्या राघवराया, घर हे जागे कर,*
*बहिऱ्या झाल्या आजोबाचा कान बरा तू कर!*

संपलं! एवढंच! बायका पदरानं डोळे पुसताहेत, आणि पंचमंडळी रागावलेली. "पंत, यात चंदन नाही, चंपक नाही. अहो, वसंत कुठे आहे यात?"

पंत म्हणाले, "वसंत घरी आहे. अंगाला तेल लावून घेतेय. मला जायला हवं." आणि प्रसाद न घेता निघालेसुद्धा!

तर मंडळी, आता उत्तर द्या. पंतांना हसलात, फार बरं वाटलं. पण मघापासून त्या खांबामागे एक लेकरू रडतंय. तुम्ही कसे वळून वळून बघताय त्याच्या आईकडे! जसं काही तिनं देवाचा अपराध केलाय! ती बिचारी पिशवी आवरतेय, बाहेर जायला.

ताई, उठू नका. बसा इथेच, अगदी रामासमोर. रडू दे त्याला. मी थांबतो. टाळ खाली ठेवा रे! मंडळी, आधी त्याचं ऐका.