फळीच्या पाठीवरचे आकडे

जन्म माहा कामरगावचा, पण वाढलो वाशीमात. आमी बौद्ध, सुतारकी काही आमच्यात पिढीजात नाही. बाप वखारीत हमाली करता करता पाहून पाहून शिकला अन् मी बापापासून.

गजा माहा शाळेपासूनचा दोस्त. त्यायचा भाजीचा मळा हाय. आमच्या घरी किती खेपा जेवला असन, मोजलं नाही कोणी. त्यानं मळ्यात घर बांधलं अन् म्हणे सिद्धू, मले फरशी नको, सागवानाची जमीन पाहिजे, अन् दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. काय सांगू तुमाले, माही छाती फुगली.

लोकायले वाटते लाकूड आणलं का ठोकलं. तसं नाही ना राजेहो. लाकडाले त्या घरची हवा खाऊ द्या लागते. पयले मी कांक्रीटवर प्लास्टिक चिकटवून पायलं, खालून ओल तर नाही येत. मंग तिन्ही खोल्यायत फळ्या रचल्या, मधात पट्ट्या ठेवल्या, पंधरा दिवस रोज जाऊन उलट्यापालट्या केल्या. डबा बी मधातल्या खोलीतच बसून खाल्ला, तिथं हवा चांगली. मंग एकेक फळी रंध्यानं साफ केली, रेषा पाहून जोड्या लावल्या अन् पाठीवर पेन्सिलीनं आकडे टाकले, कोणती फळी कुठं ते.

बसवाच्या दिवशी गजा आला, नजर खाली. म्हणे बाजूच्या दोन खोल्या तू कर, मधातलं देवघर हाय, तिथं अकोल्याचा सुतार येऊन राह्यला. मी म्हटलं काहून? म्हणे माह्यं काही नाही रे, मायचं, बुढीचं मन नाही मानत, जुनं माणूस. लय लागलं जिवाले, पण म्हटलं जाऊ दे, बुढीचं वय झालं.

दुसऱ्या दिवशी बुढीच चहा घेऊन आली, भितीले टेकून बसली अन् म्हणे, काहून रे बापा, माह्या देवघराले कधी हात लावतं? तुह्या हातची जमीन झाल्यावरच देव मांडीन मी. मी कप खाली ठेवला. म्हणजे मन गजाचंच मानत नव्हतं, अन् नाव त्यानं मायचं घेतलं. लाकूड पंधरा दिवसात त्या घरचं झालं, मी तीस वर्षात नाही झालो. पण बुढीले काय सांगू, तुह्या पोरानं असं केलं म्हणून? म्हटलं आई, वेळ लागते त्याले.

मंग बुढी पोरीकडं मंगरूळपीरले गेली, अन् गजाचा फोन. म्हणे त्या सुताराले तुहे आकडे समजून नाही राह्यले. वाटलं फोन ठेवून द्यावा. पण फळ्या माह्या हातच्या, त्यायचा काय गुन्हा? सांगतलं, खिडकीकून सुरू कर म्हणा, अन् भितीपाशी बोटभर जागा सोड. बसली जमीन. आता गजा रोज आंघोळ करून माह्या आकड्यायवर उभा राह्यते अन् हात जोडते.

परवा बुढी बाजारात भेटली. म्हणे मी नव्हती तवा तूच बसवली म्हणते ना देवघराची जमीन, गजानं सांगतलं मले. लय चांगली झाली बापा, पायाले थंडी नाही लागत. मी म्हटलं, हो आई. तिचे पाय सुखी राहो. गजाचा फोन मात्र मी आता उचलत नाही.