रूपीसाठी रगत

आमी मूळचं म्हसवडकडचं. बाप मेंढरांमागं, आजा मेंढरांमागं आनि मी बी त्येंच्याच मागं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं आनि खाली कराडाकडं, मलकापूरच्या मळ्यांनी उतरायचं, उसवाल्यांच्या रानात मेंढरं बशिवायची, ते खताला खूश, आमी चाऱ्याला खूश. शाळा म्हनाल तर ती मी दाराबाहीरनंच बगितलीया. पर मेंढरातलं इचारा, कंच्या मेंढीला काय हुतंय ते नुसत्या चालन्यावरनं सांगीन. लय घमेंड व्हती मला त्येची, खोटं कशाला बोलू.

लगीन झालं मामाच्या लेकीसंगं. कांता तिचं नाव. आमच्यात मामाच्या पोरीवर पैला हक्क भाच्याचा, तसं न्हाई केलं तर बहीन-भावाचं येनंजानं बंद. मामा म्हनाला, घरातली पोर घरातच ऱ्हाईल. आई म्हनाली, सोनं झालं. थोरला पोरगा झाला, चांगला ठनठनीत. त्येच्या पाठची रूपाली, तिला आमी रूपीच म्हनतो.

रूपी आठ म्हयन्यांची असंल, तवा आमचा तळ मलकापूरच्या शिवारात व्हता. पोर दूध पिईना, पांढरीफटक पडली, हातपाय काड्या आनि पोट तेवढं फुगल्यालं. आई म्हनाली, पोटातली पानथरी वाढलीया, डागून आना. आमच्याकडं पोट वाढलं की तापल्या सळईनं डागत्यात, मला बी ल्हानपनी डागलंय, ह्ये बगा हितं. तसं तिला डागलं. म्याच धरली व्हती तिला, दुसऱ्या कुनी न्हाई. आदी लय रडली, मग रडायची बी थांबली, अंगात तेवढी ताकदच न्हवती. ज्येच्या रानात मेंढरं व्हती त्यो मालक मिलटरीतनं पेन्शनीत आल्याला, त्येनं बगितलं आनि म्हनाला, येड्या बिरू, पोरगी जाईल की रं हातची, चल, बस गाडीत. कराडात दाखिवलं, तिथनं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

तिथं एक डाक्तरीनबाई. डाग बगून मला असं बोलली असं बोलली, की मान वर न्हाई केली म्या. मग रगत तपासलं, माझं, कांताचं, रूपीचं, समद्यांचं. आनि इचारलं, लगीन नात्यातलं का? म्या म्हनलं, व्हय, मामाची लेक हाय. छाती फुगवून सांगिटलं बगा. बाईनं कागद घेतला, दोन मानसं काढली, त्येंच्या अंगात अर्दा अर्दा काळा रंग भरला. म्हनाली, ह्यो दोष तुमा दोगांत अर्दा हाय, म्हनून तुमाला काय हुत न्हाई. पोरीत दोन्हीकडनं आला, आता तिच्या अंगात रगत टिकत न्हाई. थॅलेसेमिया म्हनत्यात त्येला, मला ह्ये नाव नीट घ्यायला दोन म्हयनं लागलं. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रगत चढवायचं, ते बी जलमभर.

आनि काय सांगू तुमाला, ते चित्र बगून म्या कागदच वढून घेतला. कारन ते मला ठावं व्हतं. आवं, दोन वर्सं झाली की कळपातला नर बदलतो आमी. त्येच्याच पाटी, म्हंजी लेकी, मेंढ्या हून उभ्या ऱ्हात्यात ना, एकाच रगताची कोकरं निपजली की मान टाकत्यात. बापानं काठीनं मातीत काढून शिकिवलं व्हतं मला, मोजायला यायच्या आदी. नर आनायला बारा बारा कोस चाललोय मी. मेंढरांचं समदं ठावं, आनि मानसाचं म्हनलं तर डोक्यातच आलं न्हाई, माझ्या न्हाई, बापाच्या न्हाई, कुनाच्याच न्हाई. बाई म्हनाली, नात्याबाहीर बी हुतं कवा कवा, सोताला खाऊ नका. पर खातोयच की. चौदा वर्सं झाली, खातोय.

मेंढरं इकून टाकली. सांगलीत हळदीच्या गोदामावर वॉचमन झालो, कांता तिथंच हळद निवडाया लागली. थोरल्याचा मगज जुळतोय का ते बगितलं, म्हंजी हाडातला मगज, त्यो जुळला तर पोर बरी हुती म्हनत्यात. न्हाई जुळला. पोरगं कोपऱ्यात जाऊन रडलं, जनू त्येचीच चूक.

मग ऱ्हायलं रगत. उनाळ्यात कालेजं बंद, रगतदानाची शिबिरं न्हाईत, आनि एका रक्तपेढीत खिडकीवरचा म्हनाला, रगत द्यायला बदली मानूस आना, मग पिशवी. पैल्यांदा आनला. दुसऱ्यांदा आनला. कुनाकुनाच्या पाया पडलो, हमाल, रिक्षावालं, तालमीतली पोरं. मग रूपीसारख्याच एका पोराच्या आईनं सांगिटलं, बिरूभाऊ, असल्या पोरांकडनं बदली रगत मागायचं न्हाई असा सरकारचा कागद हाय. म्या त्यो कागद मिळिवला, प्लास्टिकात घातला. वाचता येत न्हाई मला, पर कंच्या वळीत काय हाय ते बोटानं दावतो. फुडच्या येळंला खिडकीवर ठेवला आनि म्हनलं, सायेब, वाचा. त्यो म्हनाला, बाजूला व्हा, मागं लाईन हाय. म्या म्हनलं, हुतो, आदी मला लिहून द्या की ह्या पोरीला रगत देत न्हाई, आनि खाली सही करा. रूपी माझ्या खांद्यावर, व्हट पांढरं. मागची मानसं कावली, मग तिला बगितलं आनि तीच मानसं त्येच्यावर वराडाया लागली. पिशवी मिळाली. त्या दिसापास्नं मला भांडखोर म्हनत्यात. म्हनू द्या. शेळपट बापाची पोर मरती, ह्ये म्या डोळ्यांनी बगितलंय.

भावकीत बी भांडलो. भावाची लेक भनीच्या पोराला द्यायचं ठरलं, परत मामाचीच लेक. सुपारीला समदी बसली व्हती, म्या उठून म्हनलं, आदी दोगांचं रगत तपासा, एक दिस लागतोय फकस्त. भाऊ म्हनाला, तुझं घर नासलं म्हनून आमचं नासवाया आलास व्हय? म्या म्हनलं, दादा, नर बदलतोस का न्हाई तू? त्यो धावून आला अंगावर. लगीन झालं, मला बोलिवलं न्हाई. तपासलं का न्हाई, ठावं न्हाई. आता ती भावाची लेक दोन जिवाची हाय म्हनं. ऐकलं तवापास्नं जेवान जात न्हाई मला.

आनि रूपी. नववीत हाय, अक्षर मोत्यासारखं. आवं, रगत चढवून चढवून अंगात लोखंड साठतं, त्येला गोळ्या असत्यात, मधी सात-आठ म्हयनं त्या मिळाल्याच न्हाईत. पार सातारपातूर हिंडलो, हापिसात बसून ऱ्हायलो, अर्ज टाकलं, थोरला लिवायचा आनि मी अंगठा द्यायचो. गोळ्या आल्या, पर तवर लोखंड काळजात गेलं. मागच्या म्हयन्यात त्याच डाक्तरीनबाईनं मला बाहीर बोलिवलं. आता केस पांढरं झालं तिचं. म्हनाली, बिरूभाऊ, हृदय थकलंय हो पोरीचं. म्या म्हनलं, बाई, कंच्या खिडकीवर जाऊ ते सांगा. कुनाची सही पायजे? मुंबईला जाऊ? आत्ता निघतो. बाई म्हनाली, आता कागद न्हाई, बिरूभाऊ. आमी करतोय तेवढं करतोय. आनि चश्मा काढून पुसत बसली.

चौदा वर्सं कुनीतरी समोर व्हतं हो. वाईट का हुईना, मानूस व्हता, भांडता येत व्हतं. आता कुनाशी भांडू?

परवा दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या रूपी म्हनाली, आबा, सारखं बाहीर काय पळताय, बसा की हितं. तसा बसतोय. तिचा हात हातात घेऊन बसतोय, दुसरं काय जमत न्हाई. कांता आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलती, मला तिकडं बगवत न्हाई. रूपी झोपली की मी तिच्या पोटावरचा त्यो डाग पांघरुनानं झाकतो.

तुमी हितवर आलासा, एवढा येळ ऐकून घेतलंत, लय उपकार. तुमची लेकरंबाळं सुखात ऱ्हाऊंद्यात. जाता जाता एक इचारू? तुमचं रगत कंच्या गटाचं? रूपीसाठी न्हाई, तिच्यासाठी आता न्हाई मागत. पलीकडच्या खाटेवर ह्याच आजाराची, शिराळ्याची चार वर्सांची पोर हाय. तिचा बाप ह्यात नवा हाय हो, त्येला आजून मागायची लाज वाटती.