तन्वीची एक्झिट

सातवीच्या पोरांना नाटक शिकवून तुला काय मिळतं, असं विचारतोस ना, मग चहा घे आणि ऐक. घाटकोपरच्या आमच्या शाळेत मी पहिल्याच दिवशी सांगते, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. तन्वी इतकी हळू बोलायची की तिला मी तीनच वाक्यं दिली होती. बाबा कबड्डी खेळू देत नाहीत म्हणून ती चिडून घर सोडते आणि पुढची दहा मिनिटं सगळे तिला शोधतात, असं आमचं नाटक.

तालमीत पोरगी नीट जायची. स्पर्धेच्या दिवशी समोर भरलेला हॉल दिसला आणि तिला फक्त माझा नियमच आठवला. तिसरं वाक्य बोलून ती प्रेक्षकांकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी दाराकडे निघाली. लोक हसायला लागले. मी विंगेत कपाळाला हात लावला.

बाबा झालेल्या ओंकारला राहवेना. त्याने स्क्रिप्टमध्ये नसलेलंच विचारलं, "अगं, जातेयस की येतेयस?"

तन्वी दारात थांबली. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही थांबवताय का, ते बघतेय."

हसणारे लोक पुढे वाकून बघायला लागले. ओंकारचा चेहरा उतरला.

"थांब ना मग," तो म्हणाला. "खेळ कबड्डी."

टाळ्या थांबेनात. मीच पडदा पाडायला सांगितला. शेजारी हवालदार झालेली श्रेया खोटी मिशी सावरत रडवेली झाली होती.

"मॅडम, आता मी कोणाला शोधू?"