सात पात्र, अपात्र निरंक

निरीक्षक : ते मला काही सांगू नका. आधी पैलवान दाखवा.

मास्तर : मॅडम, कसले पैलवान? हा रंगपट आहे, मेकअपची खोली! सहाला पडदा उघडायचाय आणि सव्वापाच कधीच होऊन गेले. मी शिंपी. दिवसा कपडे शिवतो, संध्याकाळी नाटकं बसवतो. तो आरशापुढे मिशी चिकटवतोय ना, तो पोस्टातला कारकून. आणि ही माझी सख्खी आत्या, आजची नायिका.

आत्या : वय एकाहत्तर. कुस्ती नाही जमायची बाई, पंजा लढवीन हवं तर.

निरीक्षक : हा अर्ज तुमचाच ना? संस्कृती, क्रीडा व जुगार नियंत्रण कार्यालयाला केलेला. सही बघा.

मास्तर : सही माझीच. ही शेपटी बाकी कोणाला जमत नाही.

निरीक्षक : वाचते. ‘आमच्या हौशी संस्थेच्या नव्या खेळास परवानगी मिळावी. गेले तीन महिने रोज तालीम चालू आहे. खेळात एकूण सात पात्र.’ बरोबर?

मास्तर : तंतोतंत! खेळ म्हणजे नाटकाचा प्रयोग. तालीम म्हणजे, आपली तालीम.

निरीक्षक : यात नाटक हा शब्द कुठे आहे?

मास्तर : असेल की. खाली बघा. मागच्या बाजूला?

आत्या : नाहीये. मी तेव्हाच बोलले होते. तर म्हणतो कसा, ‘आत्या, नाटकवाल्याने अर्जात नाटक कशाला लिहायचं? सगळे ओळखतात आपल्याला.’

निरीक्षक : आवक खिडकी नाही ओळखत. तिने खेळ बघितला, तालीम बघितली, अर्ज क्रीडा शाखेत टाकला. क्रीडा शाखेचा शेरा असा आहे : ‘पात्र सात, अपात्र निरंक. एवढा शिस्तीचा संघ प्रथमच पाहण्यात आला. मंजूर.’

मास्तर : पात्र नाही हो, पात्रं! वर टिंब हवं. नाटकातली पात्रं.

आत्या : हा टिंब कधी देतच नाही. शाळेपासूनची खोड. मापं घेतो सुतासुताची आणि टिंबाचा कंटाळा.

निरीक्षक : साहित्यसुद्धा पाठवलंय तुम्हाला. पोच आहे इथे.

मास्तर : थांबा, थांबा. त्या जाडजूड निळ्या गाद्या तुमच्या होय? अहो, आम्हाला वाटलं एखाद्या रसिकाने पाठवल्या! मी रंगमंचावरून आभार मानणार होतो त्याचे!

आत्या : फार छान गाद्या आहेत गं. दुसऱ्या अंकात मी मरते, तिथे अंथरल्यात. आधी रोज ढोपर फुटायचं, आता मरायचा आळस येत नाही.

निरीक्षक : हसू नका. हा झाला पहिला कागद, त्यात तुमचं कौतुक आहे. दुसरा जुगार शाखेचा. ही जाहिरात तुमची? ‘शेवटचा डाव! तिकीट काढा आणि नशीब पालटताना पाहा!’ वर पत्त्यांचं हे एवढं चित्र.

मास्तर : अहो, नाटकाचं नाव आहे ते!

निरीक्षक : नाटक हा शब्द इथेही नाही. लोकांकडून पैसे घेऊन पत्त्यांचा डाव मांडणार, असं स्वतःच भिंतीभिंतीवर चिकटवलंय तुम्ही. प्रयोग थांबवून दाराला सील ठोकायचं, असा आदेश आहे.

मास्तर : म्हणजे तुम्ही आमचा सत्कार करायला आलाय की आम्हाला धरायला?

निरीक्षक : तिन्ही शाखांना निरीक्षक एकच आहे, मी. सकाळी क्रीडा म्हणून निघाले. बसमध्ये असताना फोन आला, उतरले ती जुगार म्हणून. कागद दोन्ही पर्समध्ये आहेत.

मास्तर : मॅडम, सील नका लावू हो! पाया पडतो. बत्तीस वर्षं ही बाई विंगेतल्या स्टुलावर बसून आम्हाला शब्द पुरवत आलीये. प्रॉम्प्टर! आमच्या प्रत्येक नाटकाचं अक्षर न् अक्षर हिला पाठ, आणि एकदाही उजेडात आली नाही. आज पहिल्यांदा काम करतेय. उद्या सकाळी मुलगा न्यायला येतोय, ती कायमची चाललीये त्याच्याकडे. आज नाही झालं तर कधीच नाही!

आत्या : रडतोस कशाला मेल्या? मलाही रडवशील, आणि मेकअप माझा झालाय, तुझा नाही. हे बघ बाळ, तुला आमचे पत्ते बघायचेत का?

निरीक्षक : जप्तच करायचेत. आणा. एवढे मोठे?

आत्या : मागच्या रांगेला दिसायला नकोत? पुठ्ठ्याचे आहेत, ह्यानेच कापलेत.

निरीक्षक : बदामराणी. बदामराणी. ही पण बदामराणीच. अहो, बावन्नच्या बावन्न बदामराण्या?

मास्तर : नायिकेच्या हाती दर खेपेला बदामराणीच यायला लागते. एकदा तालमीत चौकट सत्ती आली आणि नायक ओरडला, ‘बदामराणी!’ मग म्हटलं, नकोच ती भानगड.

निरीक्षक : म्हणजे आता फसवणुकीचं कलमसुद्धा लागलं.

आत्या : अगं, फसवणूक कुणाची? मी जिंकणार हे आम्हा सातही जणांना तीन महिन्यांपासून पाठ आहे. निकाल आधीच ठरलेला असला तर त्याला जुगार म्हणतात का तुमच्याकडे?

निरीक्षक : नाही म्हणता येणार. नियमात ‘अनिश्चित’ असा शब्द आहे. ठीक, जुगार नाही.

मास्तर : सुटलो! आत्या, सुटलो!

निरीक्षक : थांबा. क्रीडा शाखेत तुम्ही मंजूर संघ आहात. संघाने निकाल आधी ठरवून खेळ केला, तर ते मॅच फिक्सिंग.

मास्तर : आता काय करू? निकाल ठरवला तर फिक्सिंग, नाही ठरवला तर जुगार! आत्या, तू आज मरू नकोस, आपण बरोबरीत सोडवू!

आत्या : मी मरणार. मरण चांगलं बसलंय माझं. बाळ, तुझ्या पाटीवर पहिला शब्द संस्कृती आहे ना? ती शाखा काय करते?

निरीक्षक : ती, म्हणजे, तिच्याकडे फारसं कोणी येत नाही. संहिता वाचून जागेवर परवानगी देता येते. शिक्का आहे माझ्याकडे. वापरलेला नाही अजून.

मास्तर : ही घ्या संहिता! चहा घ्या! पंखा लाव रे, ए मिशी!

निरीक्षक : मिशी आधी नीट चिकटवा म्हणावं, लोंबतेय. शांत बसा, वाचू द्या. पान चार ठीक. पान सात. ‘गाढवा’ हा शब्द एका पानात चार वेळा.

मास्तर : तीनदा करतो. दोनदा! काढूनच टाकतो!

निरीक्षक : चारदाच राहू द्या. चौथ्याला मजा येते.

आत्या : हसली बघ!

निरीक्षक : मी हसलेले नाही. खोकला आहे. पान अकरा... अगं बाई. अहो, हे कुणी लिहिलंय? त्याला काय वाटतं, ती कपाटात लपलीये हे नवऱ्याला कळणार नाही? मला जरा पाणी द्या. हे नोंदीत नाही धरायचं.

मास्तर : पहिली घंटा झाली, मॅडम.

निरीक्षक : हा घ्या शिक्का. अट एकच. निरीक्षकाने प्रयोगाच्या वेळी संहिता हातात घेऊन शब्दशः पडताळणी करायची आहे, रंगमंचाच्या जास्तीत जास्त जवळून. बसायला काही आहे?

आत्या : स्टूल आहे विंगेत. एक पाय आखूड आहे, डावीकडे रेलून बस. आणि बाळ, मला आत्या म्हण, मघापासून नुसतं ‘अहो’ चाललंय तुझं.

(विंगेत. पडदा उघडला आहे. दोघं कुजबुजत आहेत.)

मास्तर : किती माणसं आलीत बघा! मागे उभी आहेत! चालली, चालली, मधोमध पोचली. काय दिसतेय हो आत्या!

निरीक्षक : श्शू. पान एक, ओळ पहिली. बोलत का नाहीत त्या? इथे थांबायचं लिहिलेलं नाही.

मास्तर : नाहीच थांबायचं. आत्या... अगं, विसरली ती! बत्तीस वर्षांत एक अक्षर विसरली नाही, आणि आज समोर माणसं बघून... शब्द द्या कुणीतरी!

निरीक्षक : तुम्ही द्या!

मास्तर : मला कुठे पाठ आहे? सगळं तिलाच पाठ असतं! कागद तुमच्याच हातात आहे, मॅडम!

निरीक्षक : मी पडताळणीला बसलेय. शब्द पुरवायचा अधिकार कुठल्याच शाखेत...

मास्तर : बघा तिच्याकडे. इकडेच बघतेय ती.

निरीक्षक : आत्या... आत्या, ‘बोलावलं...’ ‘बोलावलं कुणी...’

आत्या : बोलावलं कुणी नाही. माझी मीच आले. सरका जरा, मला बसू द्या.