धक्क्यावरून भिरकावलेली टोपी

…आणि तीही गात गात! मी म्हणतो, टोपी ही काय फेकायची वस्तू आहे हो? तुम्हाला सांगतो, सांता मोनिकाच्या धक्क्यासमोर माझं टोप्यांचं दुकान आहे, ते उभंच राहिलं त्या जुन्या सिनेमावर. काळापांढरा, ना गाणं ना बजावणं. शेवटी नायिका बोटीत चढते, नायक धक्क्यावर उभा, तोंडातून अक्षर नाही, नुसती टोपीच्या कडेला दोन बोटं लावतो… बस्स! थेटरात रडारड, अन् दुसऱ्या दिवशी सगळं गाव माझ्या दारात! आमच्या व्हर्नानं त्या दोन बोटांवर भाळून माझ्याशी लग्न केलं, आता बोला!

हल्लीची पोरं बोडकी हिंडतात. शेजारचा न्हावी ऑर्व्हिल खूश. "क्लेटन, बघू कोण टिकतं, तू की मी!" अशात पेपरात आलं, तोच सिनेमा पुन्हा काढलाय, रंगीत! म्हटलं, देव पावला. तशाच करड्या टोप्यांनी गोदाम गच्च भरलं. आधी चौकशी? कशाला? गोष्ट तीच, धक्का तोच!

पहिल्याच खेळाला गेलो… अहो, नायक बोलेचना, गातोच! कॉफी मागतो तीसुद्धा गाऊन, पैसे देतो ते नाचून! म्हटलं, असू दे, शेवट येऊ दे. आला. बोट निघाली, वाद्यं दणाणली, आणि त्या मेल्यानं टोपी काढली, गिरकी मारली, दिली समुद्रात भिरकावून! मागून नाच्यांची अख्खी पलटण, त्यांच्याही टोप्या पाण्यात! मागच्या रांगेतून ऑर्व्हिल ओरडतो, "वा! काय केस कापलेत!" आणि व्हर्ना डोळे पुसतेय. "किती गोड रे!" गोड? टोपी ही काय फेकायची… "श्श!"

सकाळी दुकानापुढे पोरांची ही रांग! "काका, ती सिनेमातली टोपी द्या."

"डोक्याचं माप?"

"माप कशाला? फेकायचीय!"

गोदाम रिकामं झालं हो, पण एक टोपी डोक्यापर्यंत पोचली असेल तर शपथ!

दुपारी व्हर्ना म्हणाली, "चल धक्क्यावर. लाव ना दोन बोटं, पूर्वीसारखी." मी विरघळलो, लावली. तिचे डोळे भरून आले… आणि पुढच्या क्षणी बाईनं माझ्या डोक्यावरची टोपी उचलली, गुडघे दुखतात तरी गिरकी मारली, आणि… गेली!

आता सांगा, कुणावर चिडू? दुकानात एक टोपी शिल्लक नाही, डोक्यावर ऊन रणरणतंय. गेलो तसाच बोडका ऑर्व्हिलच्या दारावरून. त्यानं माझ्या टकलाकडे बघितलं, कात्री खाली ठेवली. म्हणाला, "क्लेटन, माझ्याकडेही तुझं काही काम नाही रे."