सुई सरळच आहे

नाही, नाही, बसा हो मास्तर, झाडांच्या स्पर्धेचा फोटो न्यायला आलात ते कळलं मला, पण आधी गेल्याच्या गेल्या मंगळवारचं ऐका. मंगळवार म्हणजे काय, कुठल्याही वारासारखा वार — दूध उतू गेलं, शेगडी पुसली, कुणीतरी पाण्याची मोटर चालूच ठेवली होती म्हणून जिन्यातून ओरडलो, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. येताना कुंड्यांसाठी जाड वाळू आणायची म्हणून पिशवी घेतली होती बरोबर. आणलीसुद्धा! तेच मला कळत नाही — डॉक्टरांनी एवढं सांगितल्यावर माणूस वाळू कशी घेतो? दुकानदाराला वर म्हणालो, चाळून द्या.

सुरुवात खरं तर तुमच्यापासून झाली. रागावू नका, दोष देत नाहीये. हिचं ते पट्टेवालं झाड, जाड पानांचं — ही होती तोवर एकदा फुललं नाही हो, रोज त्याच्याशी बोलायची, ‘अरे दगडा, आता तरी’ — आणि ही जाऊन वर्ष होत आलं तर एवढा दांडा वर काढला त्याने. बारीक, दोऱ्यासारखा. आधाराला म्हणून हिची विणायची सुई खोचली मी मातीत. पोलादी सुई. आणि कॅमेऱ्यातून बघतो तर सुई वाकलेली! मधोमध, कुणी अंगठ्याने दाबावी तशी. म्हटलं, भिंग बिघडलं. तुमच्या हातात दिला कॅमेरा, तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, ‘सरळच आहे की हो, सकाळी सकाळी काय घेतलंत?’ हसलो ना आपण? मीच जास्त हसलो. मग तुम्ही गेलात आणि मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. कधी लावला नव्हता, सवय उजव्याचीच. सुई सरळ. परत उजवा — वाकडी. डावा — सरळ. मास्तर, दाराकडे बघितलं मी, कुणी बघत तर नाही ना. कोण बघणार?

दोन्ही उघडे असले की एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, डॉक्टर म्हणाले. नवरा-बायकोसारखं — हे मी म्हणतोय, ते नाही म्हणाले. आत पडद्यामागे पाणी झिरपतंय. वेळेवर इंजेक्शन घेतलं तर उरलेली नजर टिकेल बहुतेक. कुठे म्हणजे? डोळ्यात! दंडात नव्हे, डोळ्यात, आणि एकदाच नाही, दर महिन्याला. बधिर करतो, कळणारसुद्धा नाही म्हणाले. हिलाही तसंच म्हणाले होते, कळणारसुद्धा नाही. — डावा झाकायला लावला त्यांनी, तर त्यांचा चेहराच गेला. दोन कान, आणि मध्ये धूर. आपण नेमकं जिकडे बघावं तेच पुसलं जातं, बाजूचं सगळं शाबूत. इथे घरी भिंत दिसते, कपाट दिसतं, कपाटावर हिचा फोटो आहे त्याची चौकट दिसेल — नाही, बघितलं नाही मी. एकट्या उजव्याने तिकडे बघणारच नाही. आणि डाव्यातही काही ठिपके आहेत म्हणे. आत्ता काही नाही, पण आहेत.

काढतो ना फोटो, काढणारच. सगळी फुलं एकदम उमलली की. — अहो, माहीत आहे मला, वरची कळी उघडेस्तोवर खालचं फूल सुकतं, एकदम कधीच नाही उमलायची. झाडं मला शिकवू नका. म्हणजे शिकवा, हीसुद्धा तुमच्याकडूनच शिकली. — ठेवा, तो कॅमेरा ठेवा खाली! तुम्ही नाही काढायचा. आपणच नियम केलाय, ज्याचं झाड त्याचाच हात. बक्षीस काय तर रिकामी कुंडी, पण नियम केवढे. डाव्या डोळ्याने काढू शकतो की मी. रोज सकाळी झाकण काढतो, कॅमेरा डोळ्यापर्यंत आणतो... आणि डाव्यालाही सुई जरा जरी हलली तर? एवढीशी? मग परत झाकण लावतो.

मुलीला नंबर वाढलाय म्हणून सांगितलं. फोनवर म्हणाली, बाबा, आवाज असा काय? म्हटलं, वाळू चाळतोय, नाकात गेली. ती धावत येईल हो, तेच नकोय. गेल्या वर्षी आली तशी येईल, तीच बॅग घेऊन. आणि दवाखाना तोच आहे, मास्तर, तीच इमारत, फक्त खालचा मजला. तीच ती निळी बाकं. मी दारातूनच परत फिरणार होतो त्या दिवशी, मागून कुणीतरी ‘सरका काका’ म्हणालं म्हणून आत ढकलला गेलो.

तुम्ही? तुम्ही कशाला येताय बरोबर? तुमचे गुडघे रिक्षात वाकत नाहीत, तुम्हाला धरू की मला धरू? — नका, हात नका धरू असा. निघा आता, स्पर्धेवाले सगळे खोळंबले असतील, सांगा त्यांना, यंदा आमचं झाड नाही. जाताना दार ओढून घ्या.

दारात थांबून विचारलंत म्हणून सांगतो. इंजेक्शनला आठवड्याच्या आत या, त्याच्या पुढे जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आठवडा उलटला. मी फोन केलेला नाही.